बुधवारचे अकरा हात

रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय जोएल,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. काउंटीच्या समितीने कुणाला काही विचारलंच नाही, परस्पर ठरवून टाकलं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. विल्बर स्टॅम्परने अध्यक्षाच्या खुर्चीतून विचारलं होतं, तेही तीनदा. आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपली शाळा घ्यायची तेव्हा चुकलेलं पान फाडू द्यायची नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायला लावायची. म्हणून ही दुरुस्ती. बारा दिवस ती पोटात घेऊन फिरते आहे.

झालं ते असं. व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या कंपन्यांनी कोर्टात तडजोड करून दिलेल्या पैशातला आपल्या काउंटीचा वाटा आला आहे. शेरीफला त्यातून पोलिसांसाठी दोन नव्या गाड्या हव्यात. नर्स ओडेसा प्रॅटरने अर्ज केलाय की बुटांच्या बंद पडलेल्या दुकानात दवाखाना काढा. व्यसन सोडवायचं रोजचं औषध तिथे मिळेल, बोलायला एक समुपदेशक असेल, आणि कुणाचं मन ताळ्यावर नसेल तर तुरुंगाऐवजी टेकायला एक खोली. विल्बर म्हणाला, "काढू गं ओडेसा, पण येणार कोण तिथं? आहे का कुणाच्या घरी असं कुणी? सांगा की! मी इथंच जन्मलो, मला तर एक नाव माहीत नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "त्यापेक्षा डोनटचं दुकान काढा, रांग तरी लागेल!" सगळे हसले. जोएल, मीही हसले. मी समितीची कारकून, इतिवृत्त लिहायला बसलेली. मान खाली घालून स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नागरिकांपैकी कुणीही बोललं नाही.' ओडेसाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कागद गोळा केले.

दुसऱ्या दिवशी बुधवारची प्रार्थना. पास्टरनी नेहमीसारखं विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची? कुणाचं पित्ताशय, कुणाचा सैन्यातला मुलगा, कुणाची अडलेली गाय. आणि ज्यांना नाव घ्यायचं नसतं ते नुसता हात वर करून म्हणतात, "मनातली." तुला ठाऊकच आहे, आईचा हात सहा वर्षं असाच वर जातोय. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. मोजले. अकरा हात. साठ माणसांच्या चर्चमध्ये अकरा. त्यातला एक बर्निस स्टॅम्परचा, विल्बरच्या बायकोचा. शेजारी विल्बर टोपी मांडीवर घेऊन बुटांकडे बघत होता. त्याला एक नाव माहीत नाही म्हणे! मला इतका संताप आला की मी 'आमेन' म्हटलंच नाही. देवाला सांगायचं, पण ज्याच्या हातात पैसा आहे त्याला सांगायचं नाही, ही कुठली श्रद्धा?

घरी येताना गाडीत आईला म्हटलं, आपण आणि बर्निस मिळून बोलू. आई म्हणाली, "वेड लागलंय का तुला केटी? प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतं. ते झाकायचं असतं, चव्हाट्यावर मांडायचं नसतं." मी म्हटलं, लोक जोएलबद्दल विचारतात, त्यांना काय सांगू? "सांगितलंय की! ओहायोत मोटारींच्या कारखान्यात आहे." मग घरी येऊन तिने बीन्सच्या भांड्यावर झाकण असं आदळलं की कुत्रं उठून बाहेर गेलं. पण तिला तरी काय बोलू? परवा पोस्टातल्या लोवेलने तुझी चौकशी केली, तर मी तुला मुकादमही करून टाकलं.

तू ३ मेला तुरुंगातून सुटून घरी येणार. इथून सर्वांत जवळचा दवाखाना डोंगरापलीकडे नव्वद मैलांवर, तुझं लायसन्स रद्द झालेलं, आणि मला वर्षाला दहा दिवस रजा. मागच्या खेपेला तू एकोणीस दिवस चांगला होतास. विसाव्या दिवशी तू आत बेशुद्ध पडलास आणि न्हाणीघराचं दार मी कुऱ्हाडीने तोडलं, हे आपण तिघांनी आजवर उच्चारलेलं नाही. आईने नवं दार बसवून त्याला रंगही दिला. पुढच्या वेळी मी कामावर असले तर?

म्हणून हे पत्र. मंगळवारी, ११ मार्चला, गाड्या की दवाखाना यावर मतदान आहे. ज्याला बोलायचं असेल त्याला तीन मिनिटं मिळतात. आधीच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत यादीत नाव लिहावं लागतं. ती यादी माझ्याच टेबलावर असते आणि दर महिन्याला मी ती कोरी फाइलला लावते. मला तिथे उभं राहून तुझं नाव घ्यायचं आहे. जोएल रॅटलिफ, माझा भाऊ, खाणीत पाठ मोडली, डॉक्टरने गोळ्या दिल्या, पुढचं सगळं. घेऊ का? नाव तुझं आहे. तू नाही म्हणालास तर ते माझ्या तोंडून निघणार नाही. मग मी फक्त माझं नाव सांगेन आणि त्या दाराचं सांगेन. पण गप्प बसणार नाही. नोकरी जाईल कदाचित, आणि आई किती दिवस बोलणार नाही ते मला माहीत नाही. तिथे फोन देत नाहीत, तेव्हा दोन ओळी लगेच टाक, ६ मार्चच्या गुरुवारपर्यंत पोचतील अशा. तू हो म्हण की नाही, यादीत माझं नाव मी लिहिणार आहे शुक्रवारी, ७ मार्चला.

तुझीच,
केटुरा