मानपत्रातली खोडलेली ओळ

नागपूर,
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९८४

प्रिय गोपिका,

टपालखात्याने मनावर घेतलं तर हे पत्र सोमवारी तुला जबलपूरला मिळेल. इथे पहाटे रजई लागते आणि दुपारी पंखा. माझे गुडघे जसे होते तसेच आहेत, त्यांची चौकशी नको. तुझ्या मुलीची दहावी जवळ आली. तिला म्हणावं, जागरणं करू नकोस, त्याने फक्त डोळे जातात.

तुझ्या बाबांच्या सत्काराची पत्रिका तुला पोचली असेलच. रविवार, १९ तारीख. त्याच मांडवात दवाखान्याच्या नव्या स्कॅन मशीनचं उद्घाटन. पत्रिकेत मशीनचं नाव वर आणि मोठं, 'विदर्भातील आद्य क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. चंपतराव भोयर' खाली आणि बारीक. मानपत्र मी लिहायचं ठरलं. छत्तीस वर्षं त्यांच्या हाताखाली लोकांच्या छातीचे फोटो काढले, शिवाय शाळेत नन्सनी छडी मारून माझं अक्षर वळणदार केलेलं. फुकटात दुसरं कोण मिळणार?

मी सरळ लिहिलं. उमरेडजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, युद्धानंतर लिलावात घेतलेलं जुनं मशीन, खाणीतल्या मजुरांचे क्षय वेळेवर पकडले, वगैरे. शेवटी एक ओळ होती: 'या कामात त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं गमावली.' दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष भैय्याजी सोमवारी घरी आले आणि त्या ओळीवर लाल पेन्सिल फिरवून मोकळे झाले.

"बाई, हे बोटांचं काढून टाका."

"का?"

"लोकं घाबरतील ना! इकडे नवी मशीन येऊन राहिली अन् तुम्ही स्टेजवरून सांगता का डॉक्टरची बोटं एक्स-रेनं खाल्ली? शुगर लिहा. सगळ्यांले तेच माहीत आहे."

"भैय्याजी, शुगर तुमच्या चहात असते. डॉक्टरांच्या रक्तात ती कधीच नव्हती."

"तर मग काहीच लिहू नका. शाल जरा लांब घेऊ, फोटोत हात दिसणार नाही."

चहा अर्धा टाकून गेले. गेले ते बरं झालं.

गोपिका, तूही शुगरच समजत होतीस. दर पत्रात बाबांना बालुशाहीवरून झापत होतीस, आणि ते तुझी पत्रं मला वाचून दाखवायचे. "पाह्य, कशी डॉक्टरीण झाली माही पोरगी," असं म्हणून हसायचे. शुगरची गोष्ट त्यांनीच उठवली, पहिलं बोट काढलं तेव्हा, अडुसष्ट साली. "फोटोनं बोटं जातात असं समजलं तर खाणीतले लोक छाती दाखवाले येतील का वं?" एवढंच कारण. मला ते पटलं होतं. पटायला मला सोयीचंही होतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी दुसरं सांगते, कारण ते लांबवण्यात अर्थ नाही. त्यांच्या काखेत गाठ आली आहे. २७ तारखेला उजवा हात खांद्यापासून काढणार आहेत. तुला सत्कारानंतर कळवायचं, अशी मला ताकीद आहे. ती मी आत्ता मोडली. तिकीट काढ.

परवा मंगळवारी मी मानपत्र त्यांना वाचून दाखवायला गेले. भैय्याजींची लाल रेघ दाखवली. ते म्हणाले, "राहू दे ना बाई. हा सत्कार हाय का पोस्टमार्टम?" मी चिडले, बरंच बोलले, घोटभर पाणी प्यायले. ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुहे हात बाकी चांगले राहिले वं."

मनात काही न ठेवता म्हणाले. तेव्हापासून मी नीट जेवलेले नाही.

ते जुनं मशीन रोज सकाळी तापलं की तपासावं लागे. साधी रीत होती. दिवा घालवायचा, क्ष-किरणांची नळी चालू करायची आणि चमकणाऱ्या काचेसमोर आपला हात धरायचा. हाडं स्वच्छ दिसली की मशीन तयार, पहिला पेशंट आत. पेशंट यायच्या आधी, साडेआठला, हे करायचं काम माझं होतं. अठ्ठेचाळीस साली कामावर लागले तेव्हापासून चार महिने मी ते केलं. मला मजा वाटायची. माझी अंगठी हाडावर तरंगताना दिसायची.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या पेटीच्या तळाशी एक इंग्रजी पुस्तिका सापडली. वाचायची सवय, वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की तपासणीसाठी जिवंत हात कधीही धरू नये, कातडी जळते आणि पुढे कॅन्सर होतो. मी पुस्तिका होती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, "डॉक्टर, माझा हात बारीक आहे, नीट अंदाज येत नाही. तुम्हीच बघत जा."

ते हसले. "शेतकऱ्याचा हात हाय माहा. याची हाडं आंधळ्यालेही दिसतीन."

नवं मशीन आलं सत्तावन्न साली. तोवर नऊ वर्षं, रविवार सोडून रोज, त्यांनीच हात धरला. मी शेजारी उभी राहून दिवा घालवत होते आणि लावत होते.

ते डॉक्टर आहेत, त्यांना माहीत असणारच, असं मी स्वतःला सांगत आले. असेलही माहीत. त्या काळी सगळेच हात धरायचे आणि कोणी मनावर घ्यायचं नाही. पण मी घेतलं होतं ना? मला बाविसाव्या वर्षी नोकरी हवी होती आणि हातही हवे होते. 'डॉक्टर, हे वाचा' म्हणायला किती वेळ लागला असता? भैय्याजींवर ओरडायला मला सोपं जातं. त्यांनी एक ओळ खोडली. मी तर पुस्तिकाच मिटून ठेवली.

सत्काराच्या रविवारी मी ती ओळ वाचणार आहे. तिच्यापुढे आणखी एक वाचेन: 'सकाळी हात धरायचं काम माझं होतं.' भैय्याजींनी माईक बंद केला तर तसंच वाचेन. आवाज अजून आहे. त्याआधी शनिवारी संध्याकाळी बाबांकडे जाऊन त्यांना सगळं सांगेन. लोकांच्या आधी त्यांनी ऐकावं आणि त्यांच्याही आधी तू, म्हणून हे पत्र. सांगितल्यावर ते काय करतील मला माहीत नाही. हसले तर मला सोसवणार नाही.

मला उत्तर पाठवू नकोस. ये, आणि त्यांच्या उजव्या बाजूला बस. तो हात अजून अठरा दिवस आहे.

क्षमा मागण्याइतकं धैर्य नसलेली,
कुसुम वैरागडे