पातेल्याची बाकी

लालबाग, ता. ४ मार्च

चि. अपेक्षास, आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कणकवलीहून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. नर्स झालीस, पण अक्षर डॉक्टरचं उचललंस. तुझा बापूस, माझा जयवंत, जाऊन महिना झाला. चाळीत सगळ्या विचारतात, रखमा रडली का. नाही रडली. बाजारात मिरच्यांचे देठ खुडायला बसते, तेव्हा हात चालतात. बाकी सगळं बधिर.

भिशीचं तुला ठाऊक हवं. जयवंताच्या ऑपरेशनला बारा बायकांच्या भिशीचा पहिला नंबर मी मागून घेतला. तो राहिला नाही, हप्ते राहिले. महिना दोन हजार, अजून अकरा. शेवटचा नंबर शेजारच्या सुंदराबाईचा, तिच्या नवऱ्याच्या, सीतारामच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी राखलेला. मी एक जरी हप्ता चुकवला तर तो आंधळा राहायचा.

तू सांगितलंस तसा रोजचा खर्च कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. दूध अर्ध्याचं पाव लिटर केलं. मोबाइलचं रिचार्ज बंद, म्हणून हे पत्र. सुका जवळा आठवड्यातून एकदा. तंबाखू रोजची वीस रुपये, त्यावर उपदेश नको. सुंदराबाईचं पातेलं, बाकी.

कळावे. लोभ ठेव, तो फुकट आहे.
तुझी आजी

कणकवली, ता. १३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझी यादी दोनदा जुळवली. तंबाखूचे महिन्याला सहाशे होतात. भिशीचे दीड हजार मी पाठवते, वरचे पाचशे तू तंबाखूतूनच काढू शकतेस. मीही लिहायला लागलेय. काल दोन वडापाव खाल्ले, लिहिताना लाज वाटली.

पातेल्याची ओळ मात्र कळली नाही. पुढे रक्कमच नाही. हरवलंस की जाळलंस? तिचं तिला देऊन टाक आणि ओळ खोड.

तब्येतीला जप. रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझी अपेक्षा

लालबाग, ता. २२ मार्च

चि. अपेक्षास आशीर्वाद.

तंबाखू निम्मी केली. रिकामं तोंड आता तुझ्यावर चालवते.

जयवंताला नेला त्या दिवशी आपली चूल पेटली नाही. सुंदराबाईने कडू घास आणला, पातेलंभर पिठलं आणि भाकऱ्या. तू दोन खाल्ल्यास. मी तीन. पोर गेलं तरी पोट लाजत नाही.

ते पातेलं रिकामं परत कसं देऊ? म्हणून अक्कल पाजळून शिरा केला नि भरून नेला. सुंदराबाईने दारातच अडवलं. म्हणाली, मरणाच्या भांड्यातून गोड आणतेस होय, ठेव तुझ्याकडेच, माझ्या दारी कडू घास आणायलाही कधी तरी लागेल. शिरा मीच खाल्ला, दोन दिवस. साखर, तूप, रवा, सगळं चौकोनात लिहिलंय. ओरडू नकोस.

म्हणून ओळ राहील. लोभ असू दे, पण पेढे पाठवू नकोस.
तुझी आजी

लालबाग, ता. १९ जानेवारी

चि. अपेक्षास आशीर्वाद.

परवा सीताराम गेला. झोपेतच. डोळ्यांची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. तो गेला त्याच दिवशी माझा शेवटचा हप्ता द्यायचा होता.

मी पिठलं टाकलं. बेसन पाव किलो, मिरच्या बाजारातल्या फुकटच्या, तेल जरा सैल हाताने. फळीवरचं पातेलं काढून त्यात ओतलं आणि नेलं. सुंदराबाईने पातेलं ओळखलं. दोन घास खाल्ले आणि म्हणाली की रखमे, यात मीठच नाही. मी चाखलं. खरंच नव्हतं. साठ वर्षं पिठलं करतेय, असं कधी झालं नाही.

मग मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि रडले. बायकांना वाटलं, सीतारामसाठी. सुंदराबाईला मात्र कळलं असावं, तिने मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.

निघताना पदराच्या गाठीतले दोन हजार तिच्या हातात दिले. ते आता कशाला लागतील ते तिने विचारलं नाही, मीही नाही.

घरी येऊन जुन्या कॅलेंडरातली पातेल्याची ओळ खोडली. फळीवर त्या जागी अजून काही ठेवलेलं नाही.

कळावे. लोभ असू दे, त्याला हप्ता नाही.
तुझी आजी