बाल्टिमोरला न्यायचे रोप

९ एप्रिल १८५३

क्षमा असावी. कुणाची मागते आहे, ते मलाच ठाऊक नाही — बहुधा या कोऱ्या पानाची. लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा, नाहीतर जग पाहून परतलेल्यांचा. मी गावच्या शाळामास्तरांची मुलगी. चारचौघांत कुणी नुसते नाव विचारले तरी कानांपर्यंत लाल होते. पण बंदरावर बाबांनी ही वही हातात ठेवली आणि म्हणाले, "आल्मुट, बोलायला जमत नाही ना तुला? मग लिही तरी." तेवढ्या आज्ञेवर हे धाडस.

दुपारी किनारा दिसेनासा झाला. सगळे रडले. मला डोळेही पुसता येईनात — दोन्ही हातांत कुंडी!

१२ एप्रिल

जहाजाच्या पोटात आम्ही सगळे फळ्यांवर दाटीवाटीने निजतो. वरच्या फळीवर थोलेनकाकू, खालच्या फळीवर मी. काकू म्हणजे एइलर्टच्या आई. माझ्या होणाऱ्या सासूबाई. एइलर्ट सुतारकामासाठी तीन वर्षांपूर्वी बाल्टिमोरला गेला आणि आता त्याने आम्हा दोघींना बोलावून घेतले आहे. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी लग्न. अर्धे गाव आधीच तिकडे गेलेले असल्यामुळे चर्चमध्ये सगळे आमचेच लोक असतील.

काकू मला दिवसातून एकदाच काही विचारतात: "रोप कसं आहे?"

मिर्टलचे रोप, बारमाही हिरव्या पानांचे. चर्चमध्ये मला मोठ्यांत घेण्याचा दृढीकरणविधी झाला त्या दिवशी आईने स्वतःच्या झाडाची फांदी तोडून मला दिली होती. पुढच्याच हिवाळ्यात आई गेली. शाळेच्या खिडकीत ते वाढले, येताजाता सगळ्या गावाने पाहिले. याच्याच डहाळ्यांचा मुकुट घालून मी लग्नाला उभी राहणार. ज्या मुलीचे पाऊल घसरले तिला हिरवा मुकुट मिळत नाही. ती उघड्या डोक्याने उभी राहते, आणि मग गाव ते कधी विसरत नाही.

समोरच्या फळीवरचा डिर्क शिंपी आज ओरडला, "काय गं, त्या कुंडीशीच लग्न लावलंस की काय? बिचारा एइलर्ट! तिकडे नवी कोरी विजार शिवून बसला असेल!"

सगळे हसले. मला उत्तर सुचले — पण तासाभराने.

१८ एप्रिल

मला एक विद्यार्थिनी मिळाली! शेजारच्या फोल्केबाईंची गेशे, वय सहा, पुढचे दोन्ही दात पडलेले. मी पाटीवर अक्षरे काढते, ती त्यांना नावे ठेवते.

"हे अक्षर मी नाही शिकणार. पोट बघ याचं! वाटाणे खाऊन फुगलंय."

"आणि हे?"

"हे आपल्या थोलेनकाकू. ताठ."

मी इतकी हसले की वरून काकूंनी खाली वाकून पाहिले.

जाताना गेशेने रोपाचे एक पान मागितले. "एकच. उशीखाली ठेवीन." मी म्हणाले, लग्न झाले की देईन. तिने लगेच पैज लावल्यासारखा हात पुढे केला. मी हात मिळवला.

२६ एप्रिल

वादळ. हे पान ओले आहे म्हणून अक्षर फुटते आहे. पेट्या, भांडी, माणसे, सगळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहत होते. फोल्केबाई मोठ्याने प्रार्थना म्हणत होत्या आणि गेशे मधेच म्हणाली, "आई, जरा हळू म्हण, देव दचकेल."

कुंडीत खारे पाणी शिरले.

२९ एप्रिल

अर्ध्याहून अधिक रोप जळाले. मी माझ्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्याने माती धुऊन काढली. काकू जवळ येऊन बसल्या. वाळलेली डहाळी त्यांनी एकेक करून मोडली, हिरवीला हात लावला नाही.

"एका मुकुटापुरतं राहिलंय. आता पान पडू देऊ नकोस."

डिर्क म्हणाला, "अहो, बाल्टिमोरात विकत मिळेल की!"

"विकतचा मुकुट कुणीही घालेल," काकू म्हणाल्या. "मग रोप वाढवायचं कशाला?"

नंतर त्यांनी त्यांच्या जपून ठेवलेल्या चहातला एक पेला मला दिला. खडीसाखरेसकट! मला वाटते, ही त्यांची माया.

४ मे

पलीकडच्या कोपऱ्यात ताप आला आहे. डॉक्टर नाही, कप्तानाकडे औषधांची एक पेटी आहे आणि तिच्यातली एकच बाटली तो सगळ्यांना देतो.

गेशे आज शिकायला आली नाही.

६ मे

तिचे कपाळ भाजते आहे. मी तिच्या हातावर बोटाने अक्षरे काढली. डोळे न उघडता तिने एकच ओळखले — "काकू."

७ मे

गेशे पहाटे गेली.

शाळेत बाबा सांगत, वाक्य पूर्ण झाले की पूर्णविराम द्यावा. दिला आहे.

खलाशांनी शिडाचे कापड आणून दिले. फोल्केबाईंनी तिला स्वतः त्यात शिवले, फक्त चेहरा मोकळा ठेवला. मग त्यांचा हात थांबला. आमच्याकडे मूल असो की मोठी मुलगी, लग्नावाचून गेलेलीला मुकुट घालतात. इथे नाही तर तिथे तरी ती वधू व्हावी म्हणून. गावी त्यासाठी कुणीही आपल्या खिडकीतली मिर्टल कापून देते. इथे समुद्रावर हिरवे म्हणून काय असणार?

"उघड्या डोक्याने कशी पाठवू?" त्या म्हणाल्या. मला नव्हे, कुणालाच नव्हे. माझ्या कुंडीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर कदाचित मी घाबरले असते.

मी कात्री घेतली. वरच्या फळीवरून काकूंचा आवाज आला, "आल्मुट!" आयुष्यात पहिल्यांदा कुणी हाक मारली आणि मी थांबले नाही.

मुकुट लहान झाला. डोकेही लहानच होते.

८ मे, रविवार

कप्तानाने घाईघाईने प्रार्थना वाचली. तिला ठेवलेली फळी समुद्राकडे तिरकी केली. डिर्कने टोपी काढली.

कुंडीत नुसते खुंट आहेत. पाणी घालते आहे. का, ते ठाऊक नाही.

११ मे

काकू बोलत नाहीत. आज चहा ओतताना माझा पेला वगळला. शेवटी मीच विचारले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"रागावलात?"

"राग? मला तो रविवार दिसतोय. आपले सगळे बसलेत. सगळ्यांना ठाऊक, मास्तरांच्या मुलीचं रोप खिडकीत वाढत होतं. तू उघड्या डोक्याने आत येतेस. काय म्हणतील?"

"मी सांगेन, गेशेला—"

"मुकुट नसलेल्या प्रत्येक मुलीजवळ एक गोष्ट असतेच, पोरी! तीन वर्षं नवऱ्यामुलापासून लांब, मग एवढा जहाजाचा प्रवास. आणि सांगणार कोण? तू? नाव सांगताना तुझी जीभ अडकते."

"फोल्केबाई सांगतील."

"त्या धक्क्यावरूनच ओहायोची वाट धरणार, बाकीचेही पांगणार. डिर्कचं बोलणं थट्टेवारी नेतील."

"मग तुम्ही."

"मी मुलाची आई. घराची अब्रू झाकायला बोलतेय म्हणतील." मग म्हणाल्या, "आणि एइलर्ट चारचौघांतलाच आहे. त्यालाही कान आहेत."

हे शेवटचे वाक्य मला रुतले. तीन वर्षांपूर्वीचा एइलर्ट मला ठाऊक आहे. त्याने मला तळ्यावरच्या पुलाची बारीक लाकडी प्रतिकृती करून दिली होती, कारण मोठ्या पुलावरून जायला मी भीत असे. आताचा एइलर्ट कसा असेल, मला ठाऊक नाही.

१६ मे

पुन्हा विचारून पाहिले मनाला: परत तो दिवस आला तर कापशील? कापीन. मग रडते कशाला? रडते.

फोल्केबाई आज माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझी वेणी घालून दिली. गेशेची घालत तशी, फार घट्ट.

२१ मे

जमीन! झाडे, खरी झाडे, आणि वाऱ्याला मातीचा वास. पण जहाज बंदराबाहेर अडवले आहे; तापामुळे तपासणी झाल्यावाचून कुणालाही उतरता येणार नाही. उद्या सकाळी तपासणीचे डॉक्टर होडीतून येतील, आणि त्यांच्या होडीतून धक्क्यावरच्या माणसांना चिठ्ठ्या धाडता येतील, असे कप्तान सांगून गेला. धक्क्यावर एइलर्ट रोज येऊन उभा राहत असणार.

मी चिठ्ठी लिहिली आहे. चारदा लिहिली, चारदा फाडली. आता आहे ती अशी: "मी मुकुटाविना येते आहे. तो एका मुलीला दिला. लोक जे बोलतील ते तुलाही ऐकावे लागेल आणि मला उत्तर देता येणार नाही, हे तू जाणतोस. तुला ते सोसणार नसेल तर धक्क्यावर येऊ नकोस. मी समजेन आणि तुला दोष देणार नाही. — आल्मुट."

समजेन, असे लिहिले आहे खरे.

२२ मे, रविवार

होडी जहाजाला लागलेली. मी चिठ्ठी हातात धरून कठड्याशी उभी. काकू मागून आल्या आणि म्हणाल्या, "वाच." इतक्या माणसांत मी मोठ्याने कधी वाचलेले नाही. पण वाचले, शेवटपर्यंत.

त्यांनी चिठ्ठीच्या कागदावरून एकदा बोट फिरवले. मग म्हणाल्या, "खाली जागा आहे का? माझं लिही. माझ्या नावाने."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले:

"एइलर्ट, माझं लग्न माझ्या माहेरच्या बेटावर झालं, तुमच्या गावातल्या कुणी पाहिलं नाही. मीही उघड्या डोक्यानेच उभी होते, आणि माझ्याजवळ हिच्यासारखी गोष्टसुद्धा नव्हती. त्या दिवशी तूही तिथे होतास, फक्त अजून कुणाला दिसत नव्हतास. धक्क्यावर ये. — आई."

चिठ्ठी धाडली. २२ मे १८५३, सकाळी पावणेदहा.