मधल्यानं खूण द्यायची न्हाई

१४ डिसेंबर, रविवार

मुक्तानं आज पाटी लावली. खरी पाटी न्हाई, कॉम्पुटरात, पुलाच्या पानावर. मला मराठीत वाचून दाखवली. संक्रांतीपर्यंत जोडीला कुणी मिळालं न्हाई तर मी पुलाचं काम थांबवते. बस, एवढंच.

मी म्हणलं, "अशी पाटी लावतेत का बाई, लोक काय म्हणतील."

"लोक काहीच म्हणत न्हाईत आज्जे. तेच तर दुखणं हाय."

हिला नात म्हणावं का सासू म्हणावं. चोविसावं चालू हाय, बोलती साठीचं.

पूल म्हणजे पाण्यावरचा न्हाई. माझ्या फोनात निरोप धाडायचं हिरवं हाय, पूर्णा गावात माझ्या बहिणीच्या, धुरपदाच्या, फोनात निळं. हिरव्यातलं निळ्यात जात न्हाई, निळ्यातलं हिरव्यात येत न्हाई. मुक्ताचा पूल हिकडचा सांगावा उचलतो, तिकडच्या बोलीत घालतो अन् त्या घरी टाकतो. हिरवं, निळं, काळ्या पडद्याचं एक जुनं, असे पाचसहा जातीचे जोडलेत. एका परदेशी गड्यानं बांधला. त्याला लेकरू झालं अन् तो सुटला. दोन वरसं झाली, सगळा जिम्मा आमच्या पोरीवर. सकाळी कंपनीचं काम, दुपारून पुलाचं. आत काय लिव्हलंय ते उघडं हाय, कुणीबी बघावं, न्यावं, सुधरावं. जग वापरतं म्हणे.

माझ्या माहेरी आळीत एकच मोठं जातं होतं. दळायला सगळ्या. दगड झिजला, छिन्नीनं जात्याला टाकी लावून घ्यायची म्हणलं की सगळ्यांची लेकरं आजारी. माझी मायच वडारणीला बोलवायची दर वरसी. मुक्ता मायवर गेली.

१७, बुधवार

पुलावर एक तक्रारखोर हाय. नावाच्या जागी बकऱ्याचं चित्र. मी त्याला बोकड म्हणते. आज पुन्हा आला. मुक्तानं वाचलं, "तुमचा पूल खोटारडा हाय. मी पाठवलेल्यावर टिक लावून देतो, समोरच्याला काही मिळत न्हाई. हे बघायला कुणी जागं हाय का?"

मुक्ता म्हणली, माझ्याकडं तर सगळं बरोबर चालतंय, याचीच काहीतरी चूक असंल.

मला राग आला. फुकटचं वापरायचं अन् वर बोलायचं. मी म्हणलं लिही त्याला, जागं हाय म्हणावं, तू ये जात्याला टाकी लावायला.

न्हाई लिव्हलं तिनं. सभ्य हाय.

वाळल्या मिरच्या निवडल्या. हात जळायलेत अजून.

१९, शुक्रवार

खालच्या रानातली गूळभेंडी ज्वारी हुरड्याला आली. बाळूनं (माझा ल्योक, मुक्ताचा बाप) दोन कणसं आणून दाखवली. दाणा असा की नखानं दाबला तर दूध. ही चार दिवसाची गंमत असती, पाचव्या दिवसी जोंधळा होतो.

धुरपदा पायजेच. धाकटी बहीण माझी. कानानं गेली बिचारी, फोनवर ऐकू येत न्हाई, मशीन लावली की शिट्टी वाजती म्हणती अन् काढून ठेवती. लिव्हलेलं वाचती मात्र. ती चौथी झालीय, मी दुसरी. मोठी मी असून माझ्या चुका ती काढती.

तर पुलावरून तिला लिव्हलं, माझ्या बोटानं, मुक्ताला हात न लावू देता.

धुरपदे हुर्डा झाला सोमवारच्या प्यासिंजरनं पिंगळीला उतर मी टेसनात हाय

दोन टिका आल्या. पोचलं. केवढं सोपं झालं जग.

२२, सोमवार

न्हाई आली.

पिंगळी टेसनात बाकड्यावर बसले होते सकाळपून. पिशवीत जवसाची चटणी, गुळाचा खडा, दह्याचा डबा. तिकडं रानात बाळूनं आगटी पेटवून ठेवलेली. गाडी आली. एक पोरगा, दोन बाया अन् एक सायकल उतरली. पार शेवटच्या डब्यापस्तोर बघत गेले. गाडी गेली.

टेसनातला पोर्टर म्हणला, "आज्जी, कुणी यायचं होतं का?"

म्हणलं, "न्हाई, दही ऊन खायाला आणलं होतं."

हुरडा सगळ्यांनी खाल्ला. ग्वाड होता म्हणे.

२३, मंगळवार

टिका दोन्ही तशाच हायत. वाचून आली न्हाई म्हणजे काय. मोठ्या घरची झाली. रेल्वेत हाय ना तिचा ल्योक.

मी लिव्हणार न्हाई आता.

२६, शुक्रवार

तिकडूनबी काही न्हाई. रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवायची, तेबी बंद. बरं हाय. फुलं आमच्याकडं बी हायत.

बोकडानं आज लांबलचक लिव्हलं. मुक्तानं अर्धं वाचून त्याची तक्रार मिटवून टाकली. "एकोणीस दिवस राह्यले आज्जे संक्रांतीला. मंग मी मोकळी." असं म्हणली अन् खिडकीतून शेवग्याकडं बघत बसली. मोकळ्या माणसाचं तोंड असं नसतंय.

ती परवा पुलावरचं एक दुसरं दाखवत होती मला. कुठल्या तरी देशात एक बाई दवाखान्यातून हिरव्यात लिहिती, तिचा नवरा जहाजावर काळ्या पडद्यात वाचतो. मुक्ता म्हणली हे दोघं मला ओळखत न्हाईत. तेव्हा कसं उजळलं होतं तोंड. पोरगी पूल सोडणार न्हाई मनातून. पर एकटीचे हात किती.

२९, सोमवार

आता काय लिव्हावं अन् काय न्हाई.

दुपारी धुरपदाची सून संगीता आली. परभणीला बाजाराला आलती, वाट वाकडी करून घरी. पाया पडली, पाणी पिली, चहा पिली अन् पदराशी चाळा करत बसली. म्हणलं बोल.

"मावशी, राग मानू नका. सासूबाईंनी इचारलंय, हुरडा एकट्यानंच खाल्ला का औंदा?"

मी म्हणलं, "आँ?"

"त्या रोज फोन घेऊन बसायच्या. म्हणायच्या, आक्का बोलावल्याशिवाय राहत न्हाई. मंग म्हणल्या, आता आपल्याला कोण इचारतंय. जेवणबी कमी केलंय."

मी माझा फोन काढून दाखवला, हे बघ टिका. तिनं सासूचा फोन संगं आणला होता, मुद्दाम. त्यात बघितलं. माझं हुरड्याचं त्यात न्हाईच! तिच्या फुलांची चित्रं होती, सगळी पाठवलेली, टिकासकट. ती हिकडं आली न्हाईत.

आमी दोघी बहिणी हिकडं एक अन् तिकडं एक फुगून बसलेलो. सत्तरी वलांडलेल्या.

मुक्ताला हाक मारली. तिनं दोन्ही फोन हातात घेतले. एकदा ह्यात बघितलं, एकदा त्यात. मंग खाली बसली भुईवर.

"बोकड खरं सांगत होता आज्जे."

३०, मंगळवार

सकाळपून मुक्ता शोधायलीय. सापडलं. निळ्याकडची तार दहाबारा दिवस तुटून पडली होती अन् पुलाला पत्ता न्हाई. पूल आपला ज्या त्या बाजूनं सांगावा घ्यायचा अन् तिथल्या तिथं टिक लावायचा. सांगावा पुलाच्या पोटात. अशी रीत त्या परदेशी गड्यानंच घालून ठेवली होती, लवकर व्हावं म्हणून. मुक्तानं कधी उकरून बघितलं न्हाई. बोकडाची तक्रार मिटवली म्हणून जास्त रडू यायलंय तिला.

मी तिला मायची गोष्ट सांगितली. आधी कशी सांगितली न्हाई कोण जाणे.

आमच्या लहानपणी फोन कुठला. ज्याला कळवायचं त्याच्या गावाला जाणारा कुणी घावला की त्याच्याजवळ सांगावा द्यायचा. अमुकीला म्हणावं, पंचमीला ये. त्यानं परत येताना खूण आणायची. खूण म्हणजे त्या घरचे चार दाणे. ज्या घरी सांगावा पोचला, त्या घरच्या बाईनं आपल्या कणगीतून काढून द्यायचे. माय दाणे हातावर घेऊन बघायची, मंगच त्याला भाकरी वाढायची.

एक गडी होता, पायाचा आळशी. वढ्यापस्तोर जायचा, झाडाखाली निजायचा अन् परत यायचा. एकदा मायनं थोरल्या मावशीला सांगावा दिला. ह्यानं येताना जोंधळ्याचे चार दाणे आणले. मायनं हात उघडला. म्हणली, "माझ्या बहिणीच्या घरचा जोंधळा सरून महिना झाला. ते बाजरी खायलेत. हा दाणा कुणाच्या रानातला हाय रं?" गडी पळाला. भाकरी गेली.

मुक्ताचं रडू थांबलं. म्हणली, "म्हणजे मधल्यानं खूण द्यायची न्हाई."

म्हणलं, "कधीच न्हाई. मधल्यानं फक्त आणायची. खूण ज्या घरी पोचलं त्या घरची."

"अन् पोचलंच न्हाई तर?"

"तर हात रिकामे घेऊन यायचं अन् सांगायचं, न्हाई पोचलो. त्याला माय काही बोलायची न्हाई. भाकरी द्यायची."

लगेच उठली. काय लिव्हायलीय ते मला कळत न्हाई, पर बोटं लय दिवसांनी अशी चालायलीत.

२ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस मी कामाला. मुक्ता म्हणती, मी पुलाची तपासणीस. संगीतानं फोन परत नेलाय, तर तिकडं धुरपदा, हिकडं मी. मी लिहायचं, तिनं उघडायचं, टिक केव्हा येती ते मी वहीत लिहायचं. मधीच मुक्ता मुद्दाम तार तोडती. तार तुटली की आता टिक येत न्हाई, थोड्या वेळानं येतं, पोचलं न्हाई. पहिल्यांदा आलं तेव्हा मी टाळी वाजवली. न पोचल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसंल.

धुरपदानं माझं अडकलेलं वाचून तिकडून लिव्हलं, आक्का हुरडा असा लिहितात, हुर्डा नव्हे.

काढली चूक. म्हणजे राग गेला.

मी मुक्ताला म्हणलं, बोकडाला लिही. तू चुकलीस ना, मंग लिही. तिनं लिव्हलं. तुमचं खरं होतं, मी पुरतं न वाचता मिटवलं, माफ करा. खाली मायच्या चार दाण्यांची गोष्टबी घातली, त्यांच्या भाषेत. जोंधळा, बाजरी त्यांना काय कळणार म्हणलं. मुक्ता म्हणली कळंल.

५, सोमवार

बोकड बाई हाय!

साठीच्या पुढची. कुठल्या डोंगरात राहती, बर्फ पडतं तिथं. नोकरी यंत्राच्या कामातच गेली, आता शेळ्या पाळती. ते चित्र तिच्या लाडक्या शेळीचं. मी दोन महिने तिला बोकड म्हणाले अन् तिकडं शेळीबी न्हाई, बाई.

तिनं लिव्हलंय की खालच्या गावातले हिरव्यात, वरचे निळ्यात. बर्फानं वाट बंद झाली की पुलावरूनच एकमेकाला सांगतेत. एकदा तिनं वाट बंद हाय म्हणून कळवलं, टिक आली, पर पोचलंच न्हाई अन् शेजारी निघाला. मधनं परत आला, वाचला. म्हणून ती एवढी तापली होती. अन् पुढं लिव्हलं, तुमच्या पणजीची रीत मला फार आवडली, त्या रीतीनं काळ्या पडद्याची बाजू मी दुरुस्त करून पाठवत आहे.

अन् पाठवली! मुक्ता वरपून खालपस्तोर वाचत गेली. म्हणली, "आज्जे, हिचा हात बघ. काय सुबक लिव्हलंय." मला काय दिसणार, रांगोळीच्या ठिपक्यावाणी ओळी. पर सुबक हायत हे दिसलं.

मी म्हणलं, टाकी लावायला आली की गं वडारीण.

९, शुक्रवार

धुरपदा आली. वरच्या तुकड्यात उशिरा पेरलेली थोडी गूळभेंडी होती, ती बाळूनं राखून ठेवलेली. ह्या खेपेला लिव्हलं, टिक आली, अन् मी तेवढ्यावर न थांबता लिव्हलं, खूण सांग. तिनं लिव्हलं, कणगीत तूर हाय, अन् सून आत्ता दाराशी भांडी घासायलीय. तेव्हा कुठं दही पिशवीत घातलं.

गाडीतनं उतरली. गळ्यात पडायच्या आधी तिनं मूठ उघडली. चार दाणे तुरीचे. येडी.

आगटीपाशी लय हसलो. मुक्तानं आमचा दोघींचा, काळ्या हाताचा, हुरडा चोळतानाचा फोटो त्या डोंगरातल्या बाईला पाठवला. तिकडून शेळीचा आला.

धुरपदा मोठ्यानं म्हणली (तिला वाटतं ती हळू बोलती), "पोरगी पूल बंद करणार म्हणं? मंग आमी काय पुन्हा फुगून बसावं का?"

मुक्ता निखाऱ्यातलं कणीस फिरवत राह्यली.

१३, मंगळवार. भोगी

सकाळी डोक्यावरून न्हाणं, तीळ लावून बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, वांगं, वाल, गाजर, हरभऱ्याचे घाटे, सगळं एकात.

मी भाकरी थापत होते. मुक्ता चुलीपाशी येऊन बसली, फोन हातात. म्हणली, "लिव्हलं आज्जे."

त्या बाईला इचारलंय. पुलाची दुसरी किल्ली तुमच्याजवळ ठेवाल का. दोघी मिळून सांभाळू. जमत नसंल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार न्हाई.

शेवटचं खोटं हाय, पर असू दे.

भाकरी फुगली. फोन वाजला. दोघींनी एकदम बघितलं. टिक होती. खरी, त्या घरची. पोचलं.

उत्तर न्हाई अजून. म्हणलं तिकडं आत्ता पहाट असंल, धार काढत असंल. शेळ्या काय किल्लीसाठी थांबतेत का.

मुक्तानं इचारलं, "आज्जे, पाटी काढून टाकू का? ती हो म्हणंल असं वाटायलंय मला."

मलाबी वाटायलंय. लय वाटायलंय. पर म्हणलं, "नको. तू मधी हायस. त्या घरून येऊ दे."

फोन दोघींच्या मधी, तिळाच्या वाटीपाशी ठेवला अन् गरम गरम खायाला बसलो.