पाइपवरचं फोम मी काढलेलं नाही, याबाबत

प्रति,
मा. दुरुस्ती अधिकारी (घरे),
स्कॅरोबर्न नगर परिषद, नॉर्थम्बरलँड.

विषय: माझ्या नावापुढचा ‘भाडेकरूची मस्करी’ हा शेरा खोडून बॉयलरचा निचऱ्याचा पाइप घरातून नेण्याबाबत.
संदर्भ: आपलं ६ जानेवारीचं, दुरुस्ती नाकारणारं पत्र.

महोदया,

१. माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर, कपाटात, परिषदेचा बॉयलर आहे. त्यातून ठिबकणारं पाणी बारीक पाइपातून मागच्या भिंतीबाहेर जातं. पाइप उघडा राहिला की ते गोठतं, म्हणून मी नोव्हेंबरातच त्यावर काळं फोम चढवून पिवळी टेप गुंडाळली होती. तीन जानेवारीला सकाळी बघतो तर बॉयलर बंद. बाहेर न बघता मी बटण दाबदाबून तो चालू करत राहिलो, हा माझा गाढवपणा. दर खेपेला पाणी आणखी तुंबलं आणि दुपारी खालच्या स्वयंपाकघराचं छत भिजल्या पावासारखं टेबलावर उतरलं. मग बाहेर गेलो. पाइपात बर्फ, फोम गायब.

२. फोम सापडलं शेजारच्या नेव्हिलच्या काचघरात, माझ्या पिवळ्या टेपसकट. सप्टेंबरच्या भाज्यांच्या प्रदर्शनासाठी तो लीकची, म्हणजे त्या जाड दांड्याच्या कांद्याची, रोपं आत्तापासून उबेत वाढवतो. रोपांच्या पेटीभोवती माझं फोम! विचारलं तर म्हणतो, “तुझा पाइप दोन दिवस उघडा राहिला तर मरतो काय रे? माझी पोरं मरतात!”

३. इथवर मी हसलो असतो. पण आपले निरीक्षक आले तेव्हा हाच नेव्हिल, माझा एकवीस वर्षांचा दोस्त, कुंपणावरून म्हणाला, “अहो साहेब, यानंच काढलं असणार! मागच्या प्रदर्शनात यानं माझ्या लीकना बायकांचे मोजे घातले होते.” निरीक्षक हसले आणि शेरा मारून गेले.

४. मोज्यांची गोष्ट खरी आहे. मोजे माझ्या बायकोचे, मॉरीनचे होते. गल्लीत खोड्या मी पुष्कळ केल्या, नाकारत नाही. पण स्वतःच्या बायकोच्या ताटात छत पाडण्यात मजा ती काय? मॉरीनलाही नेव्हिलचंच खरं वाटतं. “पुरे झाली तुझी नाटकं, रे,” म्हणाली आणि बहिणीकडे गेली. परिषदेचा कागद बदलल्याशिवाय ती परतणार नाही.

५. सध्या मी रोज सकाळी झारीनं पाइपवर कोमट पाणी घालतो. उकळतं घातलं तर पाइप तडकतो. नेव्हिल कुंपणाशी उभा राहून म्हणतो, “घाल घाल, उगवेल!” पूर्वी असलं मी त्याला म्हणायचो.

सबब विनंती की शेरा खोडावा आणि पाइप आतल्या आत सिंकच्या निचऱ्याला जोडावा. भिंतीबाहेर वीतभरही नको. फोम परत मागितलेलं नाही, रोपं खरंच मरतील.

माणूस पाठवाल तो दिवस कृपया नेव्हिलला कळू देऊ नये. तो शिडी धरायला येईल, आणि मला त्याला नको म्हणता येत नाही.

आपला, थंडीत बसलेला,
रेमंड चार्लटन
१४, पिट रो, स्कॅरोबर्न
१२ जानेवारी

सोबत: छताचे दोन फोटो, पिवळ्या टेपचं उरलेलं रीळ, जुळवून पाहण्यासाठी.