सलग भिंत

१२ मार्च

ती. ताईस धाकटीचा शि. सा. न.

तुला आठवतं का, गणिताचे मास्तर आले की दादा गच्चीवर पळायचा आणि दारात आपल्या दोघींना उभं करायचा. तू म्हणायचीस, दादाला ताप आहे. मी मागून म्हणायचे, खूप ताप आहे. एकदा मास्तरांनी विचारलं किती, आणि मी सांगितलं, दोन किलो. बिचारे हसू दाबत जिना उतरून गेले. दादाने जन्मात कधी स्वतःच्या तोंडाने कुणाला नाही म्हटलं नाही. त्याचे सगळे नकार आपण पोचवले. ज्या मुलीशी तो चार वर्षं फिरला, तिलासुद्धा तूच जाऊन सांगितलंस आणि तिच्याबरोबर तूच रडलीस.

आता बातमी. दादा समुद्रावरचं घर विकून लेकीकडे राहायला जाणार आहे. त्याच्या घरापुढे जी जमिनीची लांबट पट्टी आणि तीवरची पत्र्याची खोली आहे ना, ती हॅटवाल्या आजींची. आजींनी ती आधी शेजारी म्हणून त्याला देऊ केली. तो मला फोनवर म्हणाला की तिथे टॉवेल वाळत घालायलाही जागा नाही, मला काय करायचीय. पण म्हातारी चिवट आहे, तू जा आणि गोड बोलून नाही म्हणून ये.

मी गेले. आजींचे टेबलक्लॉथ आमच्याच लाँड्रीत येतात, तेही धुऊन घेऊन गेले. त्यांनी चहा केला. दलाल माशांसारखे घोंगावतात, म्हणाल्या, पण सगळ्यांना जागा हवी, मी नको. जो मला मरेपर्यंत इथे राहू देईल त्याला देईन. ताई, मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, मी घेते.

काल सह्या झाल्या. लाँड्रीचं दुसरं दुकान त्यासाठी विकलं. घर बांधणार आहे: एका ओळीत खोल्या, आगगाडीच्या डब्यासारख्या. सगळ्या खिडक्या समुद्राकडे. दादाच्या बाजूला सलग भिंत.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो राहू दे.

तुझी,
चिंगी


२० मार्च

चि. चिंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसून परत वाचलं आणि हसू गेलं. अगं, साठीला आलेल्या बाईने भावाच्या तोंडावर भिंत बांधायची? लोक म्हणतील, आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग धुतले आणि शेवटी स्वतःच्या अंगाला लावून घेतला. शाळेत सिस्टर काय शिकवायच्या? एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा. तू तेव्हाही तो धडा चुकवलास. पोटात दुखतंय म्हणून घरी पळाली होतीस.

दादाने आपल्या तोंडाला पानं पुसली हे मी विसरलेले नाही. आईला समुद्रासमोर ठेवतो म्हणाला, म्हणून आपण बाबांच्या घरावरचा हक्क सोडला. ते घर विकून त्याने हे घेतलं, आणि आईला मात्र गॅरेजमागच्या खोलीत ठेवलं. पण चिंगे, समुद्राचा वारा तिच्या छातीला बाधतो असं डॉक्टर म्हणाले होते ना? तो मुद्दाम करेल असं मला वाटत नाही. मी दोन-तीन महिन्यांनी जायचे, तेव्हा ती वर दिवाणखान्यात, शाल पांघरून, नीट बसलेली असायची.

माणसाचं मन इतकं आंबू देऊ नये. थांबता आलं तर बघ. जेवणाकडे लक्ष दे.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

गाल पुढे करायला मी तयार आहे, पण माझे दोन्ही गाल दादाने कधीच वापरून टाकले. आता कुठून आणू?

तू जायचीस तेव्हा आई वर बसलेली असायची, कारण तू आधी कळवून जायचीस. मी न कळवता जायचे. आई त्या मागच्या खोलीत, शेजारी गाडीचं पेट्रोल वास मारतंय, समोर शेजाऱ्याची टाकी. समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. कामवाल्या बाई वरची झाडलोट करून खाली आल्या की आई त्यांना विचारायची, आज कसा आहे गं? आणि त्या सांगायच्या, आज हिरवा आहे, आज मळलाय, आज तीन होड्या आहेत. पाहुण्यासारखी त्याची खुशाली विचारायची ती. नऊ महिने राहिली आणि तशीच गेली. डॉक्टरांचं म्हणशील तर ते डॉक्टर मला कधीच भेटले नाहीत.

मला दादाचं नुकसान व्हावंसं वाटतं. उगाच आडपडदा कशाला? त्यालाही समुद्र नुसता ऐकू यावा असं वाटतं. वकिलांना विचारलंय: आपल्या जागेत नियमाने बांधलं तर मागच्याला समुद्र दिसत राहण्याचा हक्क नाही. पाया खणून झालाय. तळमजल्याने फक्त त्याचं गॅरेज झाकेल. त्याचा दिवाणखाना वर आहे, म्हणून दोन मजले हवेत. गवंडी विचारतात, बाई, मागे एखादी खिडकी? मी म्हटलं, मांजर जाईल एवढीही नको.

तुझे आशीर्वाद असोत, नसतील तर नुसतं पत्र असो.

तुझी,
चिंगी


१५ मे

चि. ताईस अनेक आशीर्वाद. (तुला सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो, लहान असलीस तरी.)

तुझ्या बहिणीने काय आरंभलंय ते तुला माहीत असेलच. माझ्या घराला फार चांगलं गिऱ्हाईक आलंय. मोठा माणूस आहे, आई नव्वदीची, तिच्यासाठीच घेतोय. मी त्याला खात्रीने सांगितलंय की इथला वारा अगदी मवाळ, म्हाताऱ्या माणसाला दिवसभर खिडकीत बसवलं तरी खोकला यायचा नाही. आमच्या घरातलाच अनुभव आहे. तो जूनअखेर परत बघायला येतोय, आणि समोर ही वीट चढतेय. वर विटा दिसल्या तर तो जिन्यावरूनच परत जाईल.

मी चिंगीशी बोलणं बरं दिसणार नाही. तुझं ती ऐकते. तू जाऊन तिला समजावून सांग की हे थांबव. नाती जपावी लागतात, वडीलधाऱ्यांनी शिकवलंय आपल्याला. तुम्ही दोघी कधीही इकडे या. घर विकेपर्यंत मागची खोली रिकामीच आहे.

वहिनींचा आशीर्वाद. माया असू द्या.

तुझा,
दादा


२४ मे

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र नाही म्हणून जीव टांगणीला लागलाय. इकडे तळमजला उभा राहिला. समुद्राकडच्या खिडक्यांना अजून चौकटी नाहीत, पण आजी रोज खुर्ची घेऊन एकीत बसतात आणि गवंड्यांवर ओरडतात.

काल लाँड्रीत वहिनी आल्या. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहून हमसाहमशी रडल्या. त्यांनी मुलीकडे सामान पाठवायला सुरुवात केलीय आणि घर विकलं गेलं नाही तर दोन्हीकडून लटकतील. दादाने पाठवलं का विचारलं, तर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, आणखी कोण पाठवणार? त्यांनी तोड सुचवली. मागच्या भिंतीला गिलावा करायचा तर बांबूंची परांची त्यांच्या अंगणात लावावी लागते. त्या म्हणाल्या, खुशाल लावा, पण वरचा मजला सोडा. म्हणजे त्यांचा समुद्र राहतो आणि माझी भिंत साफसूफ होते.

ताई, त्यांचे हात धरले तेव्हा लक्षात आलं, किती म्हातारे झालेत. माझ्यातला जोर गेला. शिवाय खरं सांगते, वरच्या मजल्याइतकी माझी पैशाची पोच उरलेली नाही. गवंड्यांना आठ दिवस थांबवलंय. तू म्हणशील तसं करते. थांब म्हणालीस तर थांबेन, आणि पुन्हा विषय काढणार नाही.

तुझी,
चिंगी


१ जून

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला पोटभर.

उत्तराला उशीर झाला कारण दादाचं पत्र मी उशाशी ठेवून रोज वाचत होते. सोबत जोडलंय. वाऱ्याबद्दलची ओळ वाच. मी खूण केलेली नाही, तुला सापडेल. ती वाचली आणि मला आई दिसली, शाल पांघरून वर बसवलेली, माझ्यासाठी मांडलेली. आणि मी तिला म्हणायचे, किती छान वारा येतो गं इथे.

वहिनी तुझ्याकडे रडल्या, त्या खऱ्याच रडल्या असतील. पण आई नऊ महिने त्यांच्याच जिन्याखाली होती.

माझा हा दोन खोल्यांचा फ्लॅट शेजारचा फोटोग्राफर कधीचा मागतोय. त्याला काल हो म्हटलं. महिनाअखेर मी सामानासह तुझ्याकडे येते. गवंड्यांना उद्याच बोलाव आणि वरचा मजला चढव. माझ्या पैशाने जेवढा उंच जाईल तेवढा जाऊ दे, नियमापेक्षा मात्र एक वीटही जास्त नको. दादाला तक्रारीला जागा मिळता कामा नये. वहिनींना परांचीबद्दल आभार सांग, आणि सांग की लागणार नाही. त्या बाजूला गिलावा नको, रंग नको.

आता कुणाला काय, ते लिहून ठेव, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली आजींची, आणि माझी आरामखुर्चीही त्यांनाच. मधली तुझी. वरच्या दोनपैकी मोठ्या खिडकीची आईकडच्या त्या कामवाल्या बाईंना दे. त्या अजून भाड्याच्या खोलीत राहतात ना? सांग, भाडं नाही, कामही नाही. लहान खोली मला पुरते. माझं शिवणाचं मशीन तुझ्या लाँड्रीला, पुस्तकं शाळेला. बैठकीतले जाड, दुपदरी पडदे मात्र वहिनींकडे पोचव. समोर विटा असल्या की खिडकीला पडदा बरा दिसतो. दादाला वेगळं काही पाठवू नकोस. विटा त्याच्याच वाट्याच्या आहेत.

तुझी माया मला पुरून उरते, तशीच राहू दे.

तुझी,
ताई