उमरेडच्या पुढे

९ फेब्रुवारी, नंदनवन
काल घरी आली. बॅग अजून दारातच पडून आहे. डोंगरातल्या ट्रेकिंग कॅम्पचं काम आता एप्रिलपासून, तोवर मोकळी. आईला म्हटलं, चाल वं, पवनीला जाऊ मावशीकडे, बसनं. खिडकी तुझी.
"मले नाही यायचं. तूच जा." कपड्यांची घडी घालत होती. वर पाहिलंसुद्धा नाही.
हीच बाई मला रविवारी स्टँडवर न्यायची आणि जी गाडी लागली असेल तिच्यात बसवायची. कंडक्टरनं विचारलं की मग ठरवायची कुठं जायचं ते. माझ्या पायाला भिंगरी आली ती तिच्याकडूनच. आता ती भाजी घ्यायलाही...

१२ फेब्रु.
मावशीचा फोन. "मोठी झाली तुही माय! दोन वर्सं झाले, इकडं पाय नाही लावला. पुढच्या महिन्यात पोरीच्या पोराचं बारसं हाय. तवाबी नाही आली तं बहीण होती मले, असंच म्हणीन." मग तिच्या म्हशीचं पुराण. मी ऐकतच बसली, म्हैस भारी आहे. फोन द्यायला वळली तर आई बाथरूममध्ये. मला वाटलं, टाळून राहिली.

१५ फेब्रु.
लकडगंजात गेलो होतो, दादाच्या खोलीच्या दारासाठी फळ्या पाहायला. लाकडाचा वास मला फार आवडतो, मी वास घेत फिरत होती. मागं पाहिलं तर आई फळ्यांना टेकून, चेहरा पांढरा. दुकानवाल्या काकूंनी पाणी दिलं. आईनं नुसते ओठ ओले केले आणि गिलास परत.
"सकाळपासून काय प्यालीस?"
"चहा."
"आणि पाणी?"
"बाहेर निघाचं असलं की पाणी पेत नसतो आपण."
"काहून?"
"चाल आता."

१६ फेब्रु.
तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. आपणहून. शेंगांकडे पाहतच.
दोन वर्षांआधी पवनीहून परत येताना उमरेड गेलं आणि तिला खोकल्याची उबळ आली. आधीच लघवी धरून बसली होती. गाडी थांबवा म्हणायची लाज वाटली. मग झालंच. नागपूरला सगळे उतरेपर्यंत ती खिडकीतून बाहेर पाहत बसली, आणि पदर मागून ओढून घेऊन उतरली. "पन्नाशी झाली वं. सगळ्याच बायाईचं असते. सांगाचं कोनाले?"
बहिणीलाही नाही सांगितलं. त्यापेक्षा गर्विष्ठ ठरली ते चाललं तिला.
मला तो दिवस आठवला. मी तिला कॅम्पवरून बर्फाचे फोटो पाठवले होते. तिनं 'छान' लिहिलं होतं.

२० फेब्रु.
माझी डॉक्टरकी: सकाळ-संध्याकाळ संत्र्याचा रस. नागपुरात संत्र्यानं बरं होत नाही असं काही असते का? आज चौथा दिवस. आई भडकली. "तुह्या संत्र्यानं तं मले बाथरूमातच बिऱ्हाड करून देल्लं!" दोघी हसलो. हसता हसता ती थांबली आणि पळाली. मी एकटीच हसत राहिली, मग मीही थांबली.

२३ फेब्रु.
हुडकेश्वर रोडच्या डॉक्टरीणबाई. आई म्हणे, "पोट दुखते." खोटं! मीच बोलून टाकलं. आईनं टेबलाखालून चिमटा काढला, अजून निळा आहे. लघवी तपासली, शुगर तपासली. इन्फेक्शन नाही, साखर नाही.
बाई म्हणाल्या, पाणी तोडून उलटंच होते. लघवी तीव्र होते, लघवीची पिशवी अजून चिडते. घोट घोट दिवसभर प्या. चहा कमी. संत्रं सध्या बंद करून पाहा (आईनं माझ्याकडं पाहिलं), झणझणीत रस्साही. भाज्या, ज्वारीची भाकर, पोट साफ राहिलं पाहिजे. आणि व्यायाम: लघवी अडवल्यासारखं आतून आवळायचं, धरायचं, सोडायचं. पण लघवी करताना नाही. घाई लागली तर पळायचं नाही, उभं राहून आवळायचं, लाट जाऊ द्यायची, मग जायचं. "महिने लागतात हं. आणि नाहीच जमलं तर या, पुढचे उपाय आहेत."
बाहेर आल्यावर आई म्हणे, "तिचीबी पन्नाशीच असंन." मग रिक्षात, "तिलेबी होत असंन का वं?"

४ मार्च
वरण ढवळता ढवळता व्यायाम. मी हसली.
"काहून हसून राहिली?"
"तोंड पण आवळतेस तू."
"तोंडाचं बाई बोलल्याच नाही."
दुपारचा चहा सोडला, तरी त्या वेळेला रिकामा कप घेऊन बसते. आज मध्येच विचारलं, "तुह्या कॅम्पापर्यंत बस जाते का?" मी म्हटलं, जाते. "मधात कुठं थांबते?" मी म्हटलं, थांबते. खरं मला आठवतच नव्हतं. मी कधी पाहिलंच नाही ते.

१४ मार्च
चार-पाच दिवस चांगले गेले. आज मिरचीची फोडणी, शिंक, आणि लुगडं बदलावं लागलं. संध्याकाळी म्हणे, "बारशाले तू जा. माह्याकडून झबलं ने." झबलं स्वतः शिवलंय तिनं, पिवळं.
कॅम्पवाल्यांचा मेसेज: कधी येतेस? उत्तर नाही दिलं.

२१ मार्च, सकाळ
मी निघणार तर आई साडी नेसून उभी. "उमरेडपर्यंत येतो. पुढचं नाही सांगत." पिशवीत जास्तीची साडी, बाटली, झबलं.
गाडीत मी खिडकी धरून ठेवली. ती दाराजवळच्या सीटवर बसली. "तूच बस तिकडं." मग मीही तिच्याजवळ गेली. खिडकी रिकामीच, हवा खात. रस्त्यात ती दोनदा घोटभर पाणी प्याली. एकदा माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले. हळूहळू हात ढिला झाला.
आता उमरेड स्टँड, बाकावर बसून लिहून राहिली. आई स्टँडच्या बाथरूमात गेली आहे. आमची गाडी पवनीकडे निघायच्या बेतात, कंडक्टर दारात उभा. शेजारी नागपूरची लागली आहे. मी दोन्हीकडे पाहून राहिली. मावशीचा फोन वाजतोय, उचलत नाही.
आली. पदर खोचलेला, तोंड धुतलेलं. दोन्ही गाड्यांच्या मध्ये थांबली. पवनीच्या गाडीकडे बोट करून मला हाक मारते आहे,
"काय लिहून राहिली वं? खिडकी गेली असंन ना कोनाले!"